गुलाबराव दलालाची कमाई

कचेरीच्या ओट्यावर बसणाऱ्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. गवतातून चालत घरी यावं आणि पाहावं तर धोतराला कुसळं चिकटलेली, तसे ते आपोआप चिकटतात. माझ्या धोतराला अजून आहेत. त्यातलं खरं किती आणि मी मागाहून भर घातली ती किती, हे मात्र आता मलाही खात्रीने सांगता येत नाही.

मध्य प्रांत-वऱ्हाडचा तो काळ. मी नागपूरहून एल्‌एल्‌.बी. होऊन अमरावतीत वकिली सुरू केली. पक्षकार काही सुरू झाले नाहीत! मग रजिस्ट्री कचेरीच्या ओट्यावर टेबल टाकून खरेदीखतं लिहू लागलो. शेजारच्या बाकावर गुलाबराव दलाल बसत. शिक्षण चौथी. शेतं, घरं, प्लॉट विकून देणं हा धंदा. एका खतामागे मला तीन रुपये मिळत. त्याच सौद्यावर गुलाबराव घेणाऱ्याकडून शेकडा दोन आणि विकणाऱ्याकडूनही शेकडा दोन घेत. त्यामुळे दलालाला वर्षाला मिळतात तरी किती, हा प्रश्न गावाला अधूनमधून पडे, मला रोज पडे.

\* \* \*

एकदा दुपारी मी धीर करून विचारलंच.

“गुलाबराव, आज किती कमाई?”

“पैशात इचारता का चहात?”

“पैशात.”

“पैशात काई नाई. चहात चौदा कप!”

मी हसलो. ते हसले नाहीत.

“ज्याले वावर घ्याचं तो चहा पाजते, ज्याले इकाचं तोही पाजते. सौदा होते सालातून तीनदा, लय झालं तर चारदा. तवरक चहाच, वकीलसाब!”

\* \* \*

कमाईचा आकडा त्यांच्या घरात अडचणीचा झाला होता. मुलगी कमळा लग्नाची होती. सहावीपर्यंत शिकलेली, हुशार, दिसायला चांगली. स्थळं येत, फराळ करत, एकच प्रश्न विचारत आणि जात. शेतकऱ्याला वावर असतं, मास्तरला पगार असतो. दलालाला काय असतं?

पहिल्या स्थळाला गुलाबरावांनी खरं सांगितलं. एका साली अकराशे, दुसऱ्या साली नव्वद! ते लोक टांगा मिळायची वाटसुद्धा न पाहता पायीच स्टेशनाकडे निघाले.

पुढचं स्थळ धामणगावचं होतं. या वेळी मी मदत करायचं ठरवलं. एवढं शिकलोय, त्याचा कोणाला तरी उपयोग व्हावा! सात वर्षांची कमाई घेऊन मी कागदावर सुबक सरासरी काढून दिली. वरपित्याने कागद वाचला, घडी घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

“ज्या साली हे सरासरी येत नाई, त्या साली काय खाते?”

तेही स्थळ गेलं. गुलाबराव मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

\* \* \*

राजापेठेच्या बाजूला तेव्हा बाभळी होत्या आणि बाभळींखाली शेळ्या. गुलाबराव एका गुरुजींना तिथला प्लॉट दाखवत होते. कागद पाहायला म्हणून मीही बरोबर होतो.

गुरुजींनी चारी दिशांना पाहिलं. “अहो, पण इथे आहे काय?”

“काईच नाई, गुरुजी. काई असतं तर तुमाले परवडलं असतं का!”

गुरुजींनी तिथेच इसार दिला. शेजारचा तुकडा गुलाबराव मला देत होते, आपली दलाली सोडून. मी म्हटलं, आधी तीस वर्षांचे मागचे कागद तपासतो. महिनाभर तपासले. कागद निर्दोष निघाले, आणि मी ते सांगायला गेलो तेव्हा प्लॉट विकला गेला होता. आज तिथे मोटारींची इतकी गर्दी की रस्ता ओलांडायला मला दुसऱ्याचा हात धरावा लागतो.

\* \* \*

दलाली बुडवणारे पुष्कळ. तेल्हाऱ्याच्या एका पाटलाचं दहा एकर काळं वावर गुलाबरावांनी अकोल्याच्या एका शेटजींना दाखवलं. दोघांचं जमलं. मग दोघांनी मिळून ठरवलं, मधल्या माणसाला पैसे कशाला? गुपचूप अकोल्याच्या कचेरीत जाऊन खत करून टाकू.

मी त्या दिवशी कामाने तिथेच होतो. शेटजींनी सहीसाठी टाक उचलला आणि दारातून गुलाबराव आत आले. ना राग, ना आवाज.

“रामराम, शेटजी. इहिरीचं सांगतलं ना पाटलानं तुमाले?”

एवढं बोलून ते भिंतीशी जाऊन बसले. शेटजींनी टाक खाली ठेवला.

“विहिरीचं काय?”

“नसंन सांगतलं तर जाऊ द्या. मी थोडाच दलाल हावो या सौद्यात!”

शेटजी पाटलाकडे बघू लागले. पाटील शपथा घेऊ लागले. जसजशा शपथा वाढल्या तसतसा शेटजींचा संशय वाढला. दहा मिनिटांत दोघांनी आपापली दलाली गुलाबरावांच्या हातावर ठेवली.

“आता सांग, विहिरीचं काय?”

“गोड पानी हाय, शेटजी. भर उन्हाळ्यातही आटत नाई. काहून पाटील, तुमी सांगतलंच नाई का?”

हे कायद्याच्या कोणत्या कलमात बसतं, ते मी घरी येऊन शोधलं. सापडलं नाही. कदाचित पुस्तकच चुकीचं उघडलं असेल.

\* \* \*

त्यानंतरचं स्थळ अकोल्याचं. मुलगा जिनिंग फॅक्टरीत कारकून, घरची थोडी शेती. गुलाबराव म्हणाले, “वकीलसाब, तुमी येऊन बसा. सरासरी मात्र काढू नका.”

बैठकीला मुलगा, त्याचे वडील आणि मामा आले. मुलगा खाली मान घालून बसलेला. मामांनी सुपारी कातरत स्वतःची ओळख करून दिली. इन्कम टॅक्सच्या ऑफिसात होते!

गुलाबरावांना आलेल्या टॅक्सच्या नोटिशीचं उत्तर मागच्याच महिन्यात मी लिहिलं होतं. त्यांनी सांगितला तो आकडा मी घातला होता, आणि त्या आकड्यात एक बैलसुद्धा वर्षभर जगला नसता. आता मोठा आकडा सांगावा तर मामा ऐकतात, लहान सांगावा तर मुलीचं लग्न मोडतं.

कमळा पोह्यांच्या बशा देऊन पाटावर बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक झालं. मग मुलाच्या वडिलांनी घसा साफ केला.

“गुलाबराव, सालाची कमाई किती होते?”

“देवाच्या दयेनं बरं चालून राह्यलं.”

“बरं म्हंजे किती?” मामांनी विचारलं. “आकड्याले काहून भेता?”

गुलाबरावांनी पानाचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. चार तालुक्यांतल्या शेतांचे भाव तोंडपाठ असलेला माणूस आता नुसता पानाला चुना लावत बसला. मी छताकडे पाहत होतो.

मामा कमळाकडे वळले. “तू सांग, बाई. बाप घरात किती आनते?”

कमळाने मान वर केली नाही. पण आवाज स्वच्छ होता.

“मामाजी, बाबा म्हनते, ज्याले घ्याचं नसते तोच पयले भाव इचारते.”

मामांच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला. आल्यापासून एक शब्दही न बोललेल्या मुलाने पोह्यांची बशी खाली ठेवली.

“मामा,” तो म्हणाला, “तुमी जरा बाहीर जाऊन बसा. मले भाव नाई इचाराचा.”