पाऊल उचलेना

"पायाचा अंगठा वर उचला," नांदेडचे सर्जन म्हणाले. मी उचलला असं मला वाटलं. खाली पाहिलं, तर उजवा अंगठा होता तिथंच होता.

त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली. "तुम्ही स्वतः फिजिओथेरपिस्ट आहात. असा पेशंट तुमच्याकडे आला असता तर?"

"त्याच दिवशी सर्जनकडे पाठवला असता."

"मग तुम्ही दोन आठवडे का थांबलात?"

उत्तर माहीत होतं, पण सांगायची लाज वाटली. मी ज्या मुलींना खो-खो शिकवते, त्यांची राज्य संघासाठी निवड चाचणी जवळ आली होती.

या आजाराला फूट ड्रॉप म्हणतात. म्हणजे पाऊल वर उचलता न येणं. माझ्या कमरेच्या मणक्यातली गादी सरकून नसेवर दाबून बसली होती.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते वर्ष. सकाळी टँकरच्या घागरी दोन जिने चढवायच्या, दिवसभर दवाखान्यात पेशंट उचलायचे, बसवायचे, चालवायचे आणि पाचला शाळेच्या मैदानावर. मैदानावर मारायला पाणी नव्हतं. जमीन फरशीसारखी झालेली. कमर दुखायची, तेव्हा मी गोळी घेऊन शिट्टी वाजवायची.

पाय ओढतोय हे आधी पल्लवीला दिसलं. ती आमची कॅप्टन, जळकोटची, हॉस्टेलवर राहणारी. "मॅडम, तुमी पाय घासत चालायलात," ती म्हणाली. मी तिला दोन फेऱ्या जास्त मारायला लावल्या.

नांदेडच्या तपासणीनंतर दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं. डिस्केक्टमी, म्हणजे गादीचा सरकलेला तुकडा काढून नस मोकळी करणं. "नस दबून बरेच दिवस झालेत," सर्जन म्हणाले. "पाऊल किती परत येईल, आज सांगता येणार नाही." माझे पती दाराशी उभे होते. त्यांनी आत येऊन माझ्या पायावरची चादर सारखी केली.

तिसऱ्या दिवशी तिथली फिजिओ आली. माझ्याहून बरीच लहान. "नुसता प्रयत्न करा, मॅडम. हललं नाही तरी चालेल." हे वाक्य मी चौदा वर्षं पेशंटांना म्हणत आले होते. ऐकायला किती जड असतं, ते तेव्हा कळलं. अंगठा हलला नाही.

पडल्या पडल्या मला पल्लवीचा गुडघा आठवत राहिला. मैदानातल्या खांबावर सूर मारताना तो मुरगळला होता. मी तपासला, तेव्हाच मेनिस्कसची, म्हणजे गुडघ्यातल्या कुर्चेच्या चकतीची शंका आली होती. पेशंट असती तर खेळ बंद करून तपासायला पाठवली असती. मी पट्टी बांधली आणि विचारलं, "दुखतंय का?"

"न्हाई, मॅडम."

ती खोटं बोलत होती. मला ते सोयीचं होतं.

नांदेडच्या दवाखान्यातूनच तिला फोन लावला. "जिना उतरताना गुडघा अडकतो का?"

"व्हय," ती म्हणाली.

"मग खेळायचं नाही. आधी तपासणी. माझी चूक झाली, पल्लवी."

"आन् सिलेक्शन?"

"या वर्षी नाही."

तिनं फोन ठेवला. तपासणीत चकती फाटलेली निघाली. तिचं वर्ष गेलं. ती मैदानावर आली नाही आणि माझा फोनही घेतला नाही.

माझा अंगठा सहाव्या आठवड्यात जरासा हलला. पाऊल बरंच परत आलं, पूर्ण नाही. लांब चालायचं तर पाऊल उचलून धरणारं स्प्लिंट लावते. आता माझ्या संघातल्या मुलीला लागलं, तर दवाखान्यातला माझा सहकारी तपासतो. तो खेळायला नाही म्हणाला, की मी वाद घालत नाही. ज्यांना पायात अचानक जोर वाटेनासा होतो, त्यांनी माझ्यासारखं थांबू नये, एवढंच सांगते.

आठ महिन्यांनी पल्लवी दवाखान्यात आली. केसपेपर काढून, इतर पेशंटांसारखी बाकावर बसली. नंबर आल्यावर टेबलावर पाय लांब केला. मी गुडघा हळूहळू वाकवत होते.

"मॅडम, तवा लई दुखायचं," ती म्हणाली.

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि पाय तसाच माझ्या हातात राहू दिला.