मावशी, कवळी आणि गुरुजींचं मौन

माझी मावशी कवळ्या बनवायची. माप दातांचे डॉक्टर पाठवायचे, पण कवळी टोचायला लागली की माणसं थेट तिच्याकडेच यायची. नोकरी लागल्यावर मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर ताटाशेजारी कुणाचे तरी दात असायचे. सुरुवातीला माझी भूकच मेली. पुढे मी ते दात कोपरानं बाजूला सारून निवांत जेवू लागले. आज त्या घरात दुसरंच कुणी राहतं. तरी कुठं तापलेल्या मेणाचा वास आला की मला ती कवळ्या घडवायची पुढची खोली आठवते.

तिची एक पद्धत होती. गिऱ्हाईकाकडे ती हसतानाचा जुना फोटो मागायची. मूळ दातांत फट असली तर कवळीतही फट ठेवायची, एखादा दात मुद्दाम किंचित तिरका बसवायची. "सगळे दात ओळीत बसवले की माणूस कपड्यांच्या दुकानातला पुतळा दिसतो," असं म्हणायची. लोक आरशात बघायचे आणि ओशाळून हसायचे, कारण समोर त्यांचं त्यांनाच जुनं तोंड दिसायचं.

काका गेले त्या सकाळी दोघांचं जोरदार भांडण झालं होतं. ते कामावर गेले आणि तिथंच, खुर्चीत बसल्या बसल्या, संपले. तेव्हापासून मावशीच्या मनात एकच घोर होता. कवळी घासता घासता मधेच थांबून ती मला विचारायची, "ते रागातच गेले का गं?" मी म्हणायचे, "काकांचा राग फाटकापर्यंतसुद्धा टिकायचा नाही." पण मी पडले घरची. माझ्या बोलण्यावर तिचा काय विश्वास बसणार?

मग शेजारीण तिला गुरुजींच्या सभेला घेऊन गेली. भरल्या सभागृहात गुरुजींनी डोळे मिटले आणि सांगितलं, "ते माझ्याशी बोलतायत. तुझी सेवा पुरी झाली की निरोप देईन." सेवा म्हणजे घर आवरायचं आणि आश्रमात राहायला जायचं. मावशीनं नवी कामं घेणं बंद केलं. माझं डोकंच फिरलं.

"निरोप आलाय ना, मग आत्ताच का देत नाहीत? पोस्टात अडकलाय का?" मी म्हणाले. ती माझ्यावर रुसली आणि गुपचूप कपाट आवरू लागली.

अशात एका दुपारी खुद्द गुरुजी मागच्या दारानं आमच्याकडे आले, तोंडाला रुमाल गुंडाळून. साधनेमुळे आपले दात या वयातही शाबूत आहेत असं ते प्रवचनात नेहमी सांगायचे. ते दात आता एकेक करून रजा घेऊन गेले होते. मावशीनं सवयीनं जुना फोटो मागितला.

"जुना मी कशाला?" गुरुजी म्हणाले. "दात पांढरेशुभ्र हवेत, एकसारखे. आणि ही गोष्ट इथंच राहू दे."

मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबला. मावशीनं मात्र मान डोलावली आणि आयुष्यात पहिल्यांदा सरळ ओळीतली कवळी बनवली.

कवळी नेल्यावर थोड्याच दिवसांत बातमी आली की गुरुजींनी मौन धरलंय. सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नाही. ते नुसते बसायचे आणि माणसं ढसाढसा रडायची. "काय तेज आलंय हो गालांवर," शेजारीण सांगत होती.

"तेज कसलं डोंबलाचं, हिरडी सुजलीये," मावशी म्हणाली. नवी कवळी टोचतेच, ती थोडी घासून द्यावी लागते. तिला राहवलं नाही. कानस पिशवीत टाकली आणि मला घेऊन ती आश्रमात गेली.

आतल्या खोलीत गुरुजी कवळी काढून बसले होते. "आत्ता घासून देते, लगेच बरं वाटेल," मावशी म्हणाली.

"राहू दे," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "मौनाला गर्दी दुप्पट झालीये. चालू दे अजून."

"अहो, पण दुखत असेल."

"दुखू दे."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आणि आमच्या ह्यांचा निरोप?"

गुरुजींनी ओठांवर बोट ठेवलं.

घराजवळ आल्यावर मावशी म्हणाली, "मी नाही जायची तिकडे. पण मग आता मला सांगणार कोण?" माझी इतके दिवसांची चीड त्या एका वाक्यानं विरघळली. मला तिची फार माया आली.

दारात तिच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई वाट बघत उभ्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाई संध्याकाळी वाचनालयात चार माणसं घेऊन बसत, मन, मरण असल्या विषयांवर बोलत. त्यांना कुणी गुरू म्हणत नसे. निम्म्या वेळा तर "हे मला अजून समजलेलं नाही" असंच सांगायच्या. त्या दिवशी कवळी टोचली म्हणून बोलता बोलता सगळ्यांसमोर काढून बाकावर ठेवली, आणि मग विसरून तिच्यावरच बसल्या.

मावशी तुकडे जुळवू लागली. मान वर न करता तिनं विचारलं, "बाई, गेलेल्या माणसाच्या मनात काय होतं ते कळतं का हो कुणाला? आमचं भांडण झालं होतं त्या सकाळी."

"मला नाही कळत," बाई म्हणाल्या. "कळतं असं म्हणणारे असतील. मी खोटं कशाला सांगू?" मग स्टूल जवळ ओढून त्यांनी विचारलं, "तू काय म्हणालीस त्यांना?"

हे मावशीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिचे हात थांबले.

"मी म्हणाले, जा, आणि परत नाही आलात तरी माझं काही अडत नाही."

सांत्वन नाही, उपदेश नाही. बाई एवढंच म्हणाल्या, "आणि त्यावर ते?"

"ते कुठं काय..." मावशी म्हणाली आणि अडखळली. ती दाराकडे बघत आठवत राहिली. "दारातून मागे फिरले. म्हणाले, डबा तरी दे बाई, का उपाशीच घालवतेस?"

तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं. ती माझ्याकडे वळली.

"हसत म्हणाले गं," ती म्हणाली. "हसत म्हणाले."