हात नको, कठडा लावा

साहेब जिना चढायला लागले की सगळ्या कचेरीला कळायचं. दोन्ही कुबड्या ते प्रत्येक पायरीवर मुद्दाम आपटायचे. लहानपणीच पोलिओने पाय नेलेले, आणि आमचं सुरतेचं कोर्ट पहिल्या मजल्यावर. कोणी कनवाळूपणाने दंड धरला की खेकसायचे, “हात नको, कठडा लावा!” वकिलीची सगळी वर्षं त्यांनी त्या कठड्यासाठी अर्ज केले. उत्तर एकच : विचाराधीन. विचार करणारे धडधाकट होते, त्यांना कसली घाई?

मी तेव्हा लिंबायतच्या कामगार वस्तीत संघटनेची पत्रकं वाटायचो. ‘अपंग बांधवांवर दया करा’ असं एक ठळक अक्षरांत छापून मोठ्या ऐटीत त्यांना दाखवलं. त्यांनी ते उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर एका पक्षकाराचा पत्ता लिहून घेतला. “ही बाजू कामाची आहे,” म्हणाले. “दया करणाऱ्याची लहर फिरते रे, पत्रकवाल्या. हक्क लिही.”

पुढे ते कामगार न्यायालयाचे न्यायाधीश झाले. इमारत तीच, जिनाही तोच. त्यांच्यापुढे सुकलालचा दावा आला. सुकलाल खानदेशातून आलेला, यंत्रमागावरचा कामगार. कारखान्यात कापडाच्या गाठी अंगावर कोसळल्या, एक पाय गेला, दुसरा अधू झाला आणि मालकाने त्याला काढून टाकलं. त्याला नोकरी परत हवी होती. तारखेला मी त्याला हातगाडीवरून आणलं. जिना बघून तो खालीच बसला. वर पट्टेवाल्याने रिवाजाप्रमाणे तीनदा नावाचा पुकारा केला. “अर्जदार गैरहजर. दावा काढून टाका,” मालकाचा वकील लगेच म्हणाला.

मी धावत वर गेलो आणि ओरडलो, “गैरहजर कसला? खाली बसलाय तो!”

“ओरडू नकोस,” साहेब म्हणाले. कागद कारकुनाच्या हाती दिले, कुबड्या घेतल्या, जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर बसले.

मागोमाग उतरलेला वकील गडबडला. “पण साहेब, कोर्ट तो उपर छे!”

“खुर्ची उपर छे. कोर्ट अहीं छे. हं, बोल सुकलाल.”

“माले काम जोयजे, साहेब. सुताच्या कांड्या भराले हात लागतस, पाय नही.”

“एका पायाचा माणूस कारखान्यात काय करणार?” वकिलाने हेटाळणीने विचारलं.

साहेबांनी पेन वर धरलं. “मी निकाल पायाने लिहितो काय?”

निकाल लागला : सुकलालला बसून करायचं काम द्या. मालक वरच्या कोर्टात गेला, तिथेही हरला. मग साहेबांची बदली झाली. कारण कोणी सांगितलं नाही. आम्हालाही कोणी सांगायची गरज नव्हती.

स्टेशनवर आम्ही घसा फुटेस्तोवर घोषणा देत होतो. साहेबांची नजर मात्र गर्दीत कोणाला तरी शोधत होती.

“सुकलाल दिसत नाही?”

मला शरम वाटली. “नाही आला, साहेब. कारखान्यात पाळी आहे त्याची. मालकाने सुटी दिली नाही.”

साहेब इतक्या मोठ्याने हसले की आमच्या घोषणाच थांबल्या.

“मग जिंकलो की रे! आणि सांग त्याला, माझ्यासाठी खाडा केला असता ना, तर मीच नोटीस काढली असती.”