हौदाचं झाकण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — उद्या भाजी घेताना शेजारी उभे राहिलात तरी मला कळणार नाही की यांना सगळं ठाऊक आहे. भित्रेपणाच आहे हा. पण धीट बाई असते तर ही वेळच कशाला आली असती?

गोष्ट कुत्र्याच्या पिल्लांची आहे. हसलात ना? हसा. पंचवीस वर्षांपूर्वीची दोन पिल्लं, त्यांच्यासाठी एवढं काय मनाला लावून घ्यायचं, असं मीही स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. काही उपयोग होत नाही. पिल्लं निमित्ताची आहेत, हे मला चांगलं कळतं.

आम्ही सिडकोत राहायचो. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. दोन खोल्या, गच्चीवर जाणारा सिमेंटचा जिना, आणि पुढच्या अंगणात जमिनीखाली हौद. नळाला पाणी चार दिवसांनी यायचं. हौद नसलेल्या घरात लोक मुलगी देत नाहीत, असं बाबा थट्टेनं म्हणायचे, आणि ती थट्टा निम्मी खरी होती. पाणी आलं की हौदाचं लोखंडी झाकण सरकवायचं, नळाचा पाइप आत सोडायचा. पाणी गेलं की पाइप काढायचा, झाकण लावायचं. इतकं साधं काम.

घरात आई-बाबा, दादा, वहिनी आणि मी. मला सगळे बेबी म्हणायचे. बी.ए. झालेली, बाविशीची बेबी! वहिनीचं नाव कांता. ती फर्दापूरची, लेणी बघायला येणाऱ्यांसाठी तिच्या वडिलांचं तिथं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. लग्नाला पाच वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले, दोनदा राहिलं नाही. दुसऱ्या वेळी पाचवा महिना होता. दवाखान्यातून आल्यावर ती महिनाभर कुणाशी धड बोलली नाही. भाकरी थापायची, कपडे वाळत घालायची, आणि हात रिकामे झाले की त्यांच्याकडे बघत बसायची.

त्यानंतरच्याच हिवाळ्यात गल्लीतली एक तांबडी कुत्री आमच्या जिन्याखाली व्याली. पाच पिल्लं. आई काठी घेऊन निघाली होती, पण बाळंतिणीला हाकलायचं कसं, म्हणून थांबली. पंधराच दिवसांत जालना रोडवर एका ट्रकखाली कुत्री गेली. मागं राहिली ही पाच, नुकते डोळे उघडलेली.

वहिनीनं ती वाढवली. वाढवली म्हणजे काय, ते मी रोज पाहिलं आहे. कापसाची वात दुधात बुडवून एकेकाच्या तोंडात द्यायची. गरम पाण्याची बाटली जुन्या लुगड्यात गुंडाळून त्यांच्यात ठेवायची. ओल्या फडक्यानं पोट पुसून घेतल्याशिवाय इतकी लहान पिल्लं शू करत नाहीत, हे तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, पण ती दर दोन-तीन तासांनी ते करायची. समोरच्या रजियाआपांकडे शेळ्या होत्या. त्या पहिल्याच दिवशी फाटकातून ओरडल्या, "भैंस का दूध नक्को देव बाई, पेट फुगता उनका. बकरी का लेके जाव मेरे कने से." मग वहिनी रोज त्यांच्याकडून तांब्याभर दूध आणू लागली.

आई सुरुवातीला खूप बोलली. "माणसांची लेकरं राहिली बाजूला, हिला कुत्र्यांचं बाळंतपण सुचायलंय." पण आठवड्याभरात तीच आपली जुनी नऊवारी फाडून पिल्लांसाठी तुकडे करत बसलेली मी पाहिली. दादा कंपनीतून आला की चपला न काढता आधी जिन्याखाली वाकायचा. वहिनी हसायला लागली होती. एका पिल्लाला तिनं बाबांसारखी ढेरी आहे म्हणून 'साहेब' नाव ठेवलं, आणि बाबासुद्धा हसले. पाचही जगली. आई शेजारणींना सांगायची, "आमच्या कांताच्या हाताला गुण आहे."

मला त्याचा आनंद व्हायला हवा होता ना? मला राग यायचा. ऐकायला बरं वाटत नाही, पण आता लपवून काय करू? त्या घरात लाडाची मी होते. माझ्या लग्नाचं बघणं चालू होतं, दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि घरातली माणसं जिन्याखाली डोकी घालून बसलेली. पिल्लं कुईकुई करायला लागली की मी मुद्दाम रेडिओ मोठा करायचे.

पिल्लं महिन्याची झाली, पायांवर धावू लागली. ती अंगणात येऊ नयेत म्हणून वहिनीनं जिन्याखालच्या जागेला एक पाट आडवा लावला होता. लाकडी, पितळी फुलांचा, घरातला एकुलता एक चांगला पाट.

आणि जालन्याचे पाहुणे मला बघायला येणार होते. नेमका पाण्याचा दिवस. आमच्याकडे मुलीला पाटावर बसवून प्रश्न विचारायची रीत. खुर्चीवर बसलेली मुलगी आईला उद्धट वाटायची. सकाळपासून घरात धावपळ होती. दादा पेढे आणायला गेला होता, बाबा स्टँडवर पाहुण्यांना घ्यायला. आई स्वयंपाकघरात. दुपारी वहिनी रजियाआपांकडे चांगल्या कपबश्या मागायला निघाली. पाणी अजून चालू होतं. फाटकातून ती वळून म्हणाली, "बेबीताई, पाणी गेलं की पाइप काढून झाकण लावा बरं. पण आत बघून लावा, पिल्लं लई फिरायलीत."

मी हो म्हटलं.

मग मी पाट काढला. मला बसायचं होतं ना त्यावर. आईनं धुऊन ठेव म्हणून सांगितलं होतं. त्याच्या जागी एक रिकामी बादली सरकवली आणि पाट धुऊन आत नेला. साडी नेसले. तेवढ्यात मैत्रिणीचा फोन आला, काय नेसलीस, कोणतं गळ्यातलं घालणार — अर्धा तास तरी गेला असेल. फोन ठेवला तेव्हा नळाचा आवाज थांबला होता. मी बाहेर आले, साडी वर खोचली, पाइप काढला आणि झाकण लावलं.

वाकून पाहिलं नाही.

वहिनी कपबश्या घेऊन आली ती थेट जिन्याकडे गेली. बादली कलंडली होती, आणि आत तीनच. स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाली, "दोन दिसंनात." मी म्हटलं, असतील इथंच. तेवढ्यात पाहुणे आले. मी पाटावर बसले. नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, पुरणपोळी येते म्हणून सांगितलं. वहिनी पोह्यांच्या बश्या घेऊन यायची आणि जाताना दारातून अंगणाकडे बघायची. पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलंही, सूनबाईंचं लक्ष कुठं आहे? आईला ते लागलं. पाहुणे गेल्यावर वहिनी अंधार पडेपर्यंत गल्लीतून हाका मारत हिंडली. रजियाआपाही तिच्याबरोबर होत्या. मीही थोडा वेळ हिंडले. हो, मीही.

पाण्याच्या दिवशी घरातली भांडी थेट नळावर भरून घेतलेली असतात, त्यामुळे हौद दुसऱ्या सकाळपर्यंत कुणी उघडला नाही. सकाळी दादानं झाकण सरकवलं आणि तसाच उभा राहिला. दोन्ही वर आली होती. एक साहेब होतं.

चार दिवसांचं पाणी रस्त्यावर ओतावं लागणार होतं. आई अंगणात आली आणि तिनं एकच विचारलं, "झाकण कुणी लावलं?"

मी किती वेळ घेतला असेल? काहीच नाही. प्रश्न संपायच्या आत मी म्हणाले, "वहिनीनं लावलं. मी आत तयार होत होते."

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं, तिनंच तर मला सांगितलं होतं. जालन्याहून अजून निरोप यायचा होता. माझ्या अंगावर ठपका नको असं तिला वाटलं, की भांडायची ताकदच तिच्यात उरली नव्हती — मला आजही ठरवता येत नाही. ती म्हणाली, "व्हय. मीच लावलं."

आई तिच्याकडे बघत राहिली. रात्रभर पाहुण्यांचं ते वाक्य तिच्या मनात असणार, वर हे पाणी. आई वाईट बाई नव्हती. पण त्या दिवशी ती म्हणाली, "तुझ्या हाताला जीव लाभतच नाय, कांता."

दादा तिथंच होता. बाबाही. आई नेमकं काय बोलली ते सगळ्यांना कळलं, आईलाही कळलं. माझ्याकडे एक वाक्य होतं, आणि ते उच्चारलं असतं तर आईचे शब्द तिथल्या तिथं खोटे ठरले असते. मी गप्प राहिले.

वहिनी शिडी लावून हौदात उतरली. बादल्या भरून देत होती, मी वरून ओढून रस्त्यावर ओतत होते. सगळं पाणी काढल्यावर तिनं हौद आतून विटेच्या तुकड्यानं घासला. संध्याकाळी उरलेली तीन पिल्लं तिनं रजियाआपांच्या हवाली केली. त्यांचे मेहुणे वेरूळला मळा करायचे, तिथं ती गेली. जालन्याहून होकार आला. लग्नात माझ्या साडीच्या निऱ्या वहिनीनं नीट केल्या, आणि मी तिच्या गळ्यात पडून सगळ्यांपेक्षा जास्त रडले. लोकांना वाटलं, काय नणंद-भावजयीचं प्रेम!

वहिनीला पुढं मूल झालं नाही. डॉक्टरकडे जाणंच तिनं थांबवलं. दादानं खूप समजावलं, मुंबईला जाऊ म्हणाला. ती नको म्हणायची, कारण सांगायची नाही. कारण मला माहीत होतं. ती आईचं बोलणं खरं मानून चालली होती.

माझं पहिलं बाळंतपण त्यानंतर सहा वर्षांनी माहेरी झालं. वहिनीनं सगळं केलं. तेल कोमट करायची, शेगडी पेटवायची, दुपटी धुवायची, माझ्या उशाशी बसून मला जेवू घालायची. बाळाला मात्र एकदाही हात लावला नाही. मला वाटलं, हळूहळू घेईल. बारशाला पाळण्याच्या एका बाजूला माझी नणंद उभी राहिली आणि पलीकडून बाळ घ्यायला बायकांनी मामीला हाक मारली. वहिनी पुढं आली. नणंदेनं बाळ पुढं केलं. वहिनीनं दोन्ही हात पदराखाली घेतले आणि म्हणाली, "माझ्या हातात नका देऊ."

सगळ्या बायका बघत होत्या. आईनं मान खाली घातली. मग रजियाआपा पुढं झाल्या, त्यांनी बाळ घेतलं, आणि कार्यक्रम पुढं चालू झाला.

बायका गेल्यावर मी वहिनीला जिन्याजवळ गाठलं. सांगायचंच असं ठरवलं होतं. म्हटलं, "वहिनी, ते झाकण..." तिनं मला पुढं बोलूच दिलं नाही. माझ्या हातावर हात ठेवला. "जाऊ द्या, बेबीताई. हौदात अंधारच असतो. दिसलं नसंल तुम्हांला."

सहा वर्षं तिनं माझ्यासाठी ही सबब सांभाळली होती. आणि मी ती घेतली. मान हलवली, डोळे पुसले आणि बाळाकडे गेले. आई आता नाही. वहिनी त्याच घरात आहे. दर दिवाळीला मी जाते, ती मला ओवाळते, आणि आम्ही त्या विषयावर पुन्हा कधी बोललो नाही.

तुम्हालाही मी मघाशी तेवढंच सांगितलं की मी वाकून पाहिलं नाही. ते खरं आहे. मला दिसलं नव्हतं.

ऐकू आलं होतं. झाकणाला हात लावला तेव्हाच. आत पाण्यात धडपड चालली होती, नखं सिमेंटवर घासत होती, आणि मधूनमधून बारीक आवाज येत होता, तोच, ज्याच्यावर मी रेडिओ मोठा करायचे. काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं. शिडी परसात होती. आईला हाक मारली असती तर ती चार पावलांवर होती. पण मग साडी भिजली असती, पाटाच्या जागी मी नुसती रिकामी बादली लावली हे निघालं असतं, आणि पाहुणे यायला थोडाच वेळ उरला होता. मी उभी राहून ऐकलं. मग जोर लावून झाकण पूर्ण बंद केलं. आवाज येईनासा झाला, आणि मी आत जाऊन केसांत गजरा माळला.