नऊ टोप्या

वामन पराते गेल्याचं मला ऑफिसात कळलं, आणि खरं सांगतो, डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला त्या नऊ टोप्या आठवल्या. सव्वा महिना झाला. लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, मीही बोलतो, आणि घरी आल्यावर माझं मलाच तोंड बघवत नाही.

आम्ही दोघं एकाच कचेरीत नकाशे काढायचो. बदली होऊन जाणारे एक साहेब त्यांचा गोल्फचा जुना संच आम्हा दोघांत देऊन गेले. रविवारी सकाळी छावणीजवळच्या मैदानावर आम्हाला खेळू द्यायचे. संच एक, खेळणारे दोघं, म्हणून तो एक आठवडा माझ्या घरी, एक आठवडा त्याच्या. वामनचा त्या काठ्यांवर भारी जीव. विलायती लोखंड, टवका उडाला तर दुसरी आणायची कुठून? लाकडी डोक्याच्या काठ्यांना सगळेच टोप्या घालतात. लोखंडी काठ्यांना घातल्या की मुरलेले खेळाडू हसतात, नवशिका समजतात. सगळ्यांत जास्त मीच हसायचो. "लोखंडाले थंडी वाजते काय गा?" तो शांतपणे म्हणायचा, "एकमेकीवर आपटून राहिल्या त्या. तुले ऐकू नाही येत काय?"

उमरेडला त्याचे वडील, आबा, अजून हातमागावर बसत. त्यांनी लाल-निळ्या पट्ट्यांचं जाड कापड विणलं, नऊ टोप्या शिवल्या आणि वामनकडे पाठवल्या. मैदानावर व्हायची ती चेष्टा झालीच. वामननं मनावर घेतलं नाही, आणि मला त्याचाच राग यायचा.

हिवाळ्यातल्या एका रविवारी माझी पाळी होती. दव पडलेलं, काठ्या चिखलानं माखलेल्या. घरी येऊन बादलीत धुतल्या. बारशाला जायची घाई होती, म्हणून पुसल्या नाहीत. ओल्याच लोखंडावर टोप्या चढवल्या आणि थैली पलंगाखाली सारली. आल्यावर काढू म्हटलं... आठवडाभर काढल्या नाहीत.

पुढच्या शनिवारी थैली वामनकडे पोचवली. आबा डोळे दाखवायला नागपूरला आले होते, खाटेवर बसले होते. वहिनींनी चहा ठेवला. वामननं एक टोपी काढली, दुसरी काढली... सगळ्या काठ्यांवर तांबडा गंज. त्यानं टोपी नाकाशी नेली आणि वडिलांना विचारलं, "आबा, सुताची खळ राहून गेली काय? त्या खळीनंच ओल धरली असन."

सूत ताठ राहावं म्हणून विणकर त्याला पेजेची खळ लावतात. जन्मभर विणलेल्या माणसाला हा प्रश्न. आबांनी टोपी हातात घेतली, उलटी केली, अंगठ्यानं चोळली. "राहिली असन बापा," म्हणाले.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. बोललो, पण काय बोललो? "मी तर आधीपासून म्हणून राहिलो, लोखंडाले टोप्या नको." वाद जिंकलो ना मी! त्या आनंदात चहा प्यालो.

आबांनी पुन्हा माग लावला नाही. वय झालं होतं, नजर गेली होती, म्हणूनही असेल... दोन वर्षांनी ते गेले. मैदानावर वामन कमी कमी येऊ लागला. माझ्या पाळीला तो नुसत्या काठ्या द्यायचा, टोप्या स्वतःकडेच ठेवायचा, आणि त्याच्या अंगणातल्या तारेवर दर रविवारी त्या नऊ टोप्या वाळत दिसायच्या. मी कधी विचारलं नाही.

तेरवी झाल्यावर वहिनींनी थैली माझ्यापुढे ठेवली. टोप्यांचा लाल रंग गुलाबी झाला होता, निळा ओळखू येत नव्हता. "दर आठवड्याले धुवत," वहिनी म्हणाल्या. "म्हणत, आबाची खळ निघाली पाहिजे. आता तरी निघाली असन न, भाऊजी?"

मी म्हणालो, "निघाली."

तिथंही खोटंच बोललो. वहिनी, रविवारची पुरवणी तुम्ही वाचता हे मला माहीत आहे, म्हणून इथं लिहितो. त्या कापडात काही नव्हतं. आबांचं सूत चांगलं होतं. लोखंड ओलं होतं, आणि ते ओलं मी ठेवलं होतं. थैली परत घेऊन येतो. काठ्या पुसल्या आहेत. टोप्या तुमच्यासमोर चढवीन... चढवू द्याल तर.