क्रीटला ताई का आली नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि माझ्या बहिणीला तर मुळीच ओळखत नाही. ओळखत असतात तर आतापर्यंत तिची बाजू घेतली असतीत. सगळेच घेतात.

माझी बहीण वासंती, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. ती अमेरिकेत शुगर लँड नावाच्या गावी डॉक्टर आहे. मी तिच्यापासून विमानानं जावं इतक्या लांब, नोव्हायला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. ताई माझ्या आधी अमेरिकेत आली, माझ्या आधी तिनं घर घेतलं, आणि माझ्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा बूटही न काढता स्वयंपाकघरात शिरून मसाल्याचे डबे हलवले. गॅसजवळ ठेवू नयेत म्हणे, मसाल्याचा वास उडतो. ते बरोबर होतं. तिचं नेहमीच बरोबर असतं — तेच तर सांगतेय. चुकणाऱ्या माणसावर राग धरता येतो आणि सोडूनही देता येतो. कायम बरोबर असणाऱ्या माणसाचं काय करायचं?

थांबा, मी आधी आईचं सांगते. आई साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायची. भूमध्य सागरी हवामान हा तिचा आवडीचा धडा. उन्हाळा कोरडा, पाऊस हिवाळ्यात, जैतून म्हणजे ऑलिव्ह, द्राक्षं, संत्री — आम्हा दोघींना हे पाढ्यांसारखं पाठ होतं. आयुष्यभर शिकवलं आणि पाहिलं मात्र कधी नाही. म्हणून ती अमेरिकेला आली त्या वर्षी ठरलं की परत जाताना वाटेत तिला ग्रीसचं क्रीट बेट दाखवायचं. मी, ताई आणि आई, तिघीच. मग अथेन्सहून तिला मुंबईच्या विमानात बसवायचं. व्हिसा तिनं मुंबईहून येतानाच करून आणला होता. कल्पना ताईची होती, हेही सांगून टाकते. पण या वेळी प्लॅन मी करणार, असं मी आधीच बजावून ठेवलं होतं.

आई आधी दोन महिने ताईकडे राहिली, मग माझ्याकडे आली. ताईनं तिच्या मिठावर, गोळ्यांवर, चालण्यावर पहारा ठेवला होता. विमानतळावरून घरी येताना आई गाडीत हसून म्हणाली, "वासू फार शिस्तीची गं. दोन महिने मी शाळेतच होते. या वेळी विद्यार्थी म्हणून." एवढंच. हसत म्हणाली. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी पुढे त्याचं काय केलं ते ऐकायचंय तुम्हाला.

मी संध्याकाळच्या संध्याकाळी बसून प्लॅन केला. बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं: जुना राजवाडा, डोंगरातल्या गुहा, गुलाबी वाळूचा किनारा, दर दोन रात्रींनी नवं हॉटेल. खपले हो मी त्याच्यावर. मग एका रविवारी व्हिडिओ कॉलवर ताईला दाखवला. शेजारी आई होती, मागे माझा नवरा नितीन चहा करत होता. ताईनं खाली खाली जात सगळं वाचलं आणि म्हणाली, "सुमे, ही ट्रिप आहे की पोलीसभरती? आईचे गुडघे पाहिलेस का तू?"

नितीन हसला. आईही हसली.

बस, एवढंच. याहून मोठं काही घडलं नाही. तुम्हाला वाटत असेल की यापूर्वी तिनं माझं काहीतरी भयंकर वाईट केलं असणार. नाही केलं. ती एक चेष्टा होती आणि ती खरीही होती. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पन्नाशीला टेकलेली बाई, माझ्या हाताखाली माणसं काम करतात, आणि माझ्याच घरात, माझ्याच टेबलापाशी मी पुन्हा ती छोटी सुमी, जिची चित्रं ताई खोडरबर घेऊन सुधारायची.

चार दिवसांनी ताईचा प्लॅन आला. हानिया नावाच्या गावाजवळ एकच घर, तळमजल्यावरचं, पाण्यापासून रस्ता ओलांडण्याइतकं लांब. एक दिवस फिरायचं, एक दिवस बसायचं. दुपारी झोप. जैतुनाच्या एका बागेत जायचं, कारण आईनं ती झाडं फक्त पुस्तकात पाहिलीत. शाकाहारी जेवण कुठे मिळेल, खुर्ची कुठे मिळेल, सावली कुठे असेल — सगळं तिनं शोधलं होतं. दवाखान्यात पेशंट तपासता तपासता. मी एक चूक शोधायला तो दोनदा वाचला. सापडली नाही.

आता कसं सांगू? मी अजून गोल गोल फिरतेय, कळतंय मला. सांगते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ताईला फोन केला. आवाज खाली आणला — जसा वाईट बातमी सांगताना आणतात तसा. म्हटलं, ताई, राग मानू नकोस, पण आईला वाटतंय की आम्ही दोघींनीच जावं. ती म्हणते, वासूकडे दोन महिने झाले, तेवढं पुरे. तिच्यासोबत शाळेत असल्यासारखं होतं.

पाहिलंत? "शाळा" हा शब्द मी वापरला. ताईला ओळखू आलं की हे आईचंच बोलणं. खोट्यात एक खरा शब्द घातला की ते कसं घट्ट बसतं! ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

ताई म्हणाली, "तिला सांगू नकोस मला कळलंय म्हणून. तिला वाईट वाटेल." आणि मग, "माझाच प्लॅन घे. तिच्या गुडघ्यांना तो बरा आहे."

तिथेच मला लाज वाटायला हवी होती. नाही वाटली. मला राग आला. एवढ्यातसुद्धा ती माझ्याहून मोठीच ठरली म्हणून राग आला. मी गाडीतला एसी वाढवला, डबा उघडला, पोळीभाजी खाल्ली. चवीनं खाल्ली.

आईला मी सांगितलं की ताईला सुट्टी मिळत नाही. खरं तर तिची रजा मंजूर झाली होती, तिकीट तेवढं काढायचं राहिलं होतं. माझ्या मुलीनं विचारलं, "व्हाय इजन्ट मावशी गोइंग?" तिलाही तेच सांगितलं. आईनं ताईला फोन लावला. मी समोर बसून शेंगा मोडत होते. ताई फोनवर कशी बोलली असेल ते आईच्या चेहऱ्यावरून समजत होतं. तुम्ही जाऊन या, मजा करा, मला कामं आहेत. दुखावलेली माणसं बोलतात तसं, तुटक. आईनं फोन ठेवला आणि म्हणाली, "कामात असेल." मी म्हटलं, असेल.

सप्टेंबरात आम्ही दोघी गेलो. तुम्हाला ऐकायचं असेल की ट्रिप फसली, मला सारखं खात राहिलं, घास उतरेना. तसं काही झालं नाही. सुंदर झाली. आई सकाळी रस्ता ओलांडून पाण्यात पाय सोडून बसायची. खानावळीत तेल-लिंबू घातलेली उकडलेली पालेभाजी आली, तिनं एक पान उचलून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा तर आपला तांदुळजा!" घरमालकीण रोज द्राक्षं आणून द्यायची, आई तिच्याशी मराठीत बोलायची, ती ग्रीकमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघींचं व्यवस्थित चालायचं. जैतुनाच्या बागेत आई एका बुंध्यावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "पान खालून रुपेरी असतं, हे मी मुलांना सांगितलंच नाही कधी. मलाच माहीत नव्हतं."

आणि परतताना गाडीत, "किती विचार करून ठरवलंस गं सगळं, सुमे."

मी थँक यू म्हटलं. आईला इंग्रजीत थँक यू म्हटलं — मराठीत काय म्हणणार होते?

शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही बंदरावर बसलो होतो. समोर जुना दीपस्तंभ, पाणी इतकं निळं की डोळे मिटावेत. आईनं अचानक विचारलं, "वासूला यायचंच नव्हतं का? खरं सांग."

हे बघा, आतापर्यंत जे केलं ते रागात केलं असं म्हणता येईल. हे नाही म्हणता येणार. राग केव्हाच निवला होता. मी मजेत होते, पोट भरलेलं होतं, वारा छान होता. मला नुसतं म्हणायचं होतं — नाही गं आई, हे सगळं तिनंच ठरवलंय तुझ्यासाठी. तेवढ्यावर सगळं जागच्या जागी बसलं असतं. मला फार तर एक शिव्यांचा फोन ऐकावा लागला असता.

मी म्हटलं, "दोन महिने तिला जरा जास्तच झाले असतील, आई. ती बोलत नाही, पण दमते."

आईनं मान हलवली. पदर सारखा केला. "खरंय," म्हणाली. "म्हातारं माणूस म्हणजे कामच असतं."

त्यानंतर ताईनं तिला परत बोलावलं तेव्हा आईनं नकार दिला. प्रवास झेपत नाही म्हणाली. मला मात्र फोनवर म्हणाली, "उगाच तिला ओझं कशाला?" ताई आपली समजायची की आईला आपल्याकडे यायचं नाही. सुट्टी काढून साताऱ्याला जायचं तिनं दोनदा ठरवलं आणि मला विचारलं, मी गेले तर तिला आवडेल का गं? मी म्हटलं, तुझं तू बघ. ती गेली नाही. दोघी एकमेकींना त्रास नको म्हणून एकमेकींपासून लांब राहिल्या, आणि मी दोघींची लाडकी झाले. हेच हवं होतं ना मला? हो. हेच हवं होतं.

पुढच्या थंडीत आई गेली. सकाळी देवपूजा करताना कोसळली, शेजारच्या काकूंनी फोन केला. मी आणि ताई वेगवेगळ्या विमानांनी पोहोचलो, दोघींनाही उशीर झाला होता. तेराव्यानंतर पाहुणे पांगले, आम्ही दोघी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो. ताई पाठमोरी होती. ताईला मी त्याआधी कधी पोक काढून उभी राहिलेली पाहिली नव्हती. तिनं विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही म्हणायची का गं?"

आई दर फोनला म्हणायची. वासू वेळेवर जेवते का, वासूची पाठ कशी आहे, वासूला सांग एवढं काम करू नकोस — मी विचारलं म्हणून सांगू नकोस. दर फोनला. मी त्यातलं एक अक्षरही कधी पोहोचवलं नव्हतं. आणि आता तर आई नव्हती, पकडली जायची भीती नव्हती, हेवा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझं काय गेलं असतं?

"फारसं नाही," मी म्हटलं. आणि पातेलं पुसून फळीवर ठेवलं.

ताईला दोष द्यायची हौस मला अजून आहे. आजही तिचा फोन आला की आधी कपाळावर आठी येते. तिनं त्या दिवशी माझी चेष्टा करायला नको होती असं अजून वाटतं. हे सगळं सांगून मी बदलले असं समजू नका, मी बदललेली नाही. ताई बदलली. पूर्वी ती फोन उचलताच सुरू व्हायची: हे असं कर, ते तसं करू नकोस. आता दर रविवारी फोन करते, माझं सगळं ऐकून घेते. आई शेवटी तुझ्यामुळे सुखात होती, म्हणते. तू होतीस म्हणून तिनं ते बेट पाहिलं, म्हणते. आणि एखादी गोष्ट सुचवायची असली — साधी, भाजीत काय घालावं एवढीसुद्धा — तर आधी चाचरते, आणि मग विचारते, "मी बोललेलं चालेल ना गं?"

मी चालेल म्हणते.