फौजीला आधी कुणी ऐकलं?

सरकारी कचेरीत जुन्या फायली मुदत संपली की नष्ट करता येतात. निवृत्त कारकुनांच्या किश्श्यांना तशी सोय नाही. ते साठत जातात, आणि प्रत्येक जण आपल्याजवळची प्रत खरी म्हणून सांगतो. हे किस्से साताऱ्यातल्या आमच्या रविवारच्या बैठकीचे. माझी प्रत खरी आहे.

आम्ही तिघे एकाच कचेरीतले. कानडे हेडक्लार्क, मी आणि कोरेगावचे बर्गे त्यांच्या हाताखाली. दर रविवारी सकाळी आळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचे आणि यजमानाने इतरांनी न ऐकलेला एक गायक ऐकवायचा. त्याची आवक रजिस्टरात रीतसर नोंद होते : क्रमांक, तारीख, गायक, कोणी आणला. एकदा नोंद झाली की तो गायक त्या माणसाचा! रजिस्टर मी लिहितो. अक्षर चांगले असण्याची ही शिक्षा.

* * *

फौजी मला उंब्रजला स्टँडसमोर भज्यांच्या गाड्यावर सापडला, गाडीवाल्याच्या मोबाईलमध्ये. कोयनेकडचा माणूस, पलटणीतून परतलेला. आसामकडच्या एका सोबत्याकडून गिटार शिकला, आणि गाणी स्वतःच लिहितो. कोयनेला जमीन जराशी हलली की फळीवरची भांडी किणकिणतात, त्यावर ते गाणे होते :

"फळीवरची ताटं वाजली, आई म्हणती कोण आलं रं?
कोण न्हाई आई, भुई कूस बदलती, नीज तू."

माझी भजी गार झाली.

माझी पाळी तिसऱ्या रविवारी होती. मी घरातसुद्धा बोललो नाही. दुसऱ्या रविवारी कानड्यांनी मोबाईल स्पीकरला जोडला आणि फळीवरची ताटं वाजली!

"हा मी केव्हाच ऐकलाय!" मी ओरडलो.

"आवक शिक्का आहे?" कानडे म्हणाले.

"ऐकण्यावर शिक्का कुठून आणू?"

"मग कागद आलाच नाही. लिहा : आणणारे, कानडे."

लिहिले. माझ्याच सुंदर अक्षरात.

* * *

त्याच बैठकीत बर्ग्यांनी व्हिडिओ डोळ्यांजवळ धरला. "गिटार वळखली. पर ह्ये दुसरं काय हाय?"

"बँजो," कानडे म्हणाले.

"गप बसा सायेब! बेंजो वरातीत असतोय. त्याला टायपरायटरागत बटणं असत्यात. ह्ये तर पिठाच्या चाळणीला दांडा लावलाय!"

मग कानड्यांनी बँजोची माहिती सांगितली : कातडे कसे ताणतात, तारा किती, बोटांना नख्या का लावतात. सगळी बरोबर होती. मला ती पंधरा दिवस पाठ होती.

* * *

दुसऱ्या कडव्याला कानड्यांच्या डोळ्यांत पाणी आले. चष्मा काढून, रुमाल उलगडून ते व्यवस्थित रडले. बत्तीस वर्षांत मी त्यांना असे पाहिले नव्हते.

बर्गे मला हळूच म्हणाले, "तुमी बी रडा की. कोण नको म्हणतंय?"

माझ्या गायकावर माझ्याआधी दुसऱ्याने रडायचे आणि मी त्याच्यामागे नंबर लावायचा? मी खिडकीबाहेर पाहत बसलो.

* * *

पुढचे तीन रविवार मी फौजीवर टीका केली. आवाज खरखरीत आहे, चाली एकसारख्या आहेत, बँजो जरा जास्तच झाला. मुद्देसूद टिपण तयार केले होते.

चौथ्या रविवारी बैठक पुन्हा माझ्याकडे होती. चहा ठेवताना आमची ही म्हणाली, "कानडेभावजी, ते ताटं वाजल्याचं गाणं पुढं काय आहे हो? हे रोज कपडे वाळत घालताना म्हणतात, आणि दुसऱ्या कडव्याला थांबून नाक ओढतात."

कानड्यांनी बशीत चहा ओतून घेतला आणि माझ्याकडे बघत फुंकर मारली.

* * *

शेवटी ठरवले, खुद्द फौजीलाच भेटायचे. त्याने एका कागदावर लिहून द्यावे की अमुक गृहस्थांनी मला कानड्यांच्या आधी ऐकले. घरी पेन्शनचे काम सांगितले आणि कोयनानगरची एसटी धरली. पत्ता विचारत विचारत घर गाठले, तर ओसरीवरच्या बाजेवर कानडे!

"या," ते म्हणाले. "तुम्ही नंतर आलात."

फौजी घरी नव्हता. त्याचे वडील आम्हां दोघांकडे आळीपाळीने बघत होते. "तुमी दोगं हाफिसातलं न्हवं? नोटीस कसली काढलीया आता?"

"नोटीस नाही. आम्ही त्याचे रसिक," कानडे म्हणाले. "मी पहिला."

"रजिस्टरात हे पहिले," मी म्हणालो. "ऐकण्यात मी!"

म्हाताऱ्याने थोडा विचार केला. "त्यो सांगलीला गेलाय. ऐतवारी तितं गाणं हाय त्याचं. त्यालाच इचारा. मला तर ती चाळणी घरात नको झालीया."

* * *

सांगलीचा कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. मी साडेचारला पोचलो. कानडे सव्वाचारला पोचले होते. पहिल्या रांगेत मधोमध दोघे शेजारी शेजारी बसलो. दोघांच्याही हातात हार होते.

फौजी छान गायला. मोबाईलपेक्षा कितीतरी छान. चार गाणी झाल्यावर त्याने गिटार खाली ठेवली, बँजो गळ्यात अडकवला आणि माईकजवळ आला.

"मंडळी, मला कुणी बी ऐकत नव्हतं ना, तवापासनं एक माणूस ऐकतंय. आज ते हितं आलंय. पयल्या रांगंत न्हाई, पर लय लांब बी न्हाई..."

यातले शेवटचे मी तेव्हा ऐकलेच नाही. 'पयल्या रांगंत' एवढे कानावर पडताच शर्टाची कॉलर नीट करून मी उभा राहिलो. शेजारी कानडेही उभे! दोघांनी हार सरसावले.

मागच्या रांगेतून, खांद्यावर झोपलेले पोर सावरत, एक बाई म्हणाली, "आवं काका, खाली बसा की दोगं बी. मला आमचं ह्ये दिसंना झाल्यात."